समांतर आज्ञावलीरचना

समांतर आज्ञावलीरचना : एखादे मोठे संगणनकार्य परस्परांपासून शक्य तितक्या स्वतंत्र अशा भागांत विभागून ते भाग एकाच वेळी अनेक प्रोसेसरांकडून करवून घेता यावेत, अशा रीतीने संगणकाची आज्ञावली (क्रमवार दिलेल्या सूचनांचा संच) तयार करण्याच्या तंत्राला समांतर आज्ञावलीरचना असे म्हणतात. पूर्वी हे तंत्र हवामानाचा अंदाज, अणुकेंद्रीय संशोधन, खगोलशास्त्र यांसारख्या मोजक्या क्षेत्रांतील महासंगणकांपुरते मर्यादित होते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून मात्र सामान्य मनुष्याच्या हातातील मोबाइलमध्ये आणि त्या मोबाइलला दूरवरून सेवा पुरविणाऱ्या क्लाउड केंद्रांमध्येही त्याचा वापर अपरिहार्य झाला. पैसे पाठविणे, तिकीट काढणे, समभागांची खरेदी-विक्री करणे, रुग्णाला किरणोपचार देणे अशी कामे अशा आज्ञावल्यांवर सोपविली गेल्यामुळे त्यांतील दोषांचे परिणाम केवळ तांत्रिक राहिलेले नाहीत. ते आर्थिक आणि प्रसंगी प्राणघातकही ठरले आहेत. [⟶ संगणक].

एक काम एका मजुराला करण्यास दहा दिवस लागत असतील, तर दहा मजूर ते एका दिवसात पुरे करतील, असे काळ-काम-वेगाच्या शालेय गणितात गृहीत धरलेले असते. या गृहीतात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली म्हणजे कामाचे दहा समान व स्वतंत्र भाग पडू शकतात आणि दुसरी म्हणजे मजुरांना एकमेकांसाठी थांबावे लागत नाही. प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टी क्वचितच पूर्णपणे खऱ्या असतात. त्या जितक्या प्रमाणात खऱ्या नसतात तितक्या प्रमाणात समांतर आज्ञावली लिहिणे अवघड, महाग व धोक्याचे होते.

समांतर आणि समवर्ती या दोन संज्ञांत भेद केला जातो. एकाच कालावधीत अनेक कामे अर्धवट अवस्थेत चालू असणे म्हणजे समवर्तित्व होय. एकच प्रोसेसर आलटूनपालटून प्रत्येक काम थोडेथोडे पुढे नेत असला, तरी ती कामे समवर्ती असतात. याउलट एकाच क्षणी दोन किंवा अधिक प्रोसेसर प्रत्यक्ष काम करीत असतील, तर ती क्रिया समांतर होय. समांतर आज्ञावलीतील बहुतेक दोष समवर्तित्वामुळेच उद्भवतात. प्रोसेसरांची संख्या वाढल्याने ते अधिक वेळा प्रकट होतात एवढेच.

ऐतिहासिक आढावा : या विषयाचा सैद्धांतिक पाया १९६० नंतरच्या दशकात घातला गेला. डच संगणकशास्त्रज्ञ एड्‌सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये परस्पर-वर्जनाचा प्रश्न मांडला. अनेक आज्ञाप्रवाहांपैकी एका वेळी एकालाच सामाईक साधन वापरता यावे, असे त्या प्रश्नाचे स्वरूप होते. मायकेल फ्लिन यांनी १९६६ मध्ये आज्ञाप्रवाह व माहितीप्रवाह यांच्या संख्येनुसार संगणकांचे चार वर्ग पाडले. १९६७ मध्ये जीन ॲमडाल यांनी समांतर संगणनाने मिळणाऱ्या वेगवृद्धीची मर्यादा दाखवून दिली. इलिनॉय विद्यापीठात अभिकल्पित केलेला व ६४ प्रक्रिया-घटक असलेला इलियाक–४ हा संगणक आणि १९७६ मध्ये कार्यान्वित झालेला क्रे–१ हा महासंगणक ही त्या काळातील उल्लेखनीय यंत्रे होत. टोनी होअर यांनी १९७८ मध्ये परस्परांना संदेश पाठविणाऱ्या क्रमिक प्रक्रियांची संकल्पना मांडली. त्याच वर्षी लेस्ली लॅम्पोर्ट यांनी, दूरदूर असलेल्या संगणकांची घड्याळे तंतोतंत जुळत नसताना घटनांचा पूर्वापर क्रम कसा ठरवावा, याचे विवेचन केले. क्लाउड सेवांची आजची रचना या विवेचनावर बऱ्याच अंशी आधारलेली आहे.

भारतात या क्षेत्राला पुणे येथे चालना मिळाली. प्रगत महासंगणकांच्या निर्यातीवर अमेरिकेने घातलेल्या निर्बंधांच्या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅकची) पुण्यात स्थापना झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. एकच अतिवेगवान प्रोसेसर बनविण्याऐवजी बाजारात उपलब्ध असलेले अनेक ट्रान्सप्यूटर परस्परांना जोडून त्यांच्याकडून समांतर काम करवून घेणे, हे त्यामागील सूत्र होते. याच मालिकेतील परम रुद्र हे महासंगणक २०२४ मध्ये पुणे, दिल्ली व कोलकाता येथील संशोधन संस्थांसाठी कार्यान्वित झाले.

सामान्य संगणकांच्या बाबतीत निर्णायक वळण २००४-०५ च्या सुमारास आले. तोपर्यंत ट्रान्झिस्टरांचा आकार जसजसा लहान होत गेला तसतशी प्रोसेसरची कंप्रता वाढत गेली आणि जुनीच आज्ञावली नव्या यंत्रावर आपोआप वेगाने चालू लागली. परंतु कंप्रता ३ ते ४ गिगाहर्ट्‌झपर्यंत पोहोचल्यावर उष्णतेचे उत्सर्जन हाताबाहेर जाऊ लागले. तेव्हा उत्पादकांनी एकाच चकतीवर दोन, चार, आठ असे अनेक गाभे बसविण्याचा मार्ग पत्करला. आय्‌बीएम कंपनीच्या पॉवर–४ या प्रोसेसरमध्ये २००१ मध्येच दोन गाभे होते. इंटेल व एएम्‌डी या कंपन्यांचे दोन गाभ्यांचे प्रोसेसर घरगुती संगणकांसाठी २००५ मध्ये बाजारात आले. २०११ पासून दोन गाभ्यांचे मोबाइलही विकले जाऊ लागले. यापुढे वेग हवा असल्यास आज्ञावलीच समांतर स्वरूपात लिहिणे भाग पडले. जे काम यंत्राच्या निर्मात्याकडे होते ते अशा रीतीने आज्ञावलीकाराकडे आले.

मूलतत्त्वे : कामाची विभागणी मुख्यतः दोन प्रकारे करतात. माहितीच्या विभागणीत एकच क्रिया माहितीच्या निरनिराळ्या तुकड्यांवर एकाच वेळी केली जाते, उदा., छायाचित्राच्या प्रत्येक पट्ट्यावर स्वतंत्र गाभ्याने प्रक्रिया करणे. कार्याच्या विभागणीत निरनिराळी कामे निरनिराळ्या प्रवाहांकडे सोपविली जातात, उदा., एका प्रवाहाने माहिती आणणे, दुसऱ्याने ती उलगडणे व तिसऱ्याने पडद्यावर दाखविणे. आज्ञांच्या अशा प्रत्येक स्वतंत्र प्रवाहाला थ्रेड म्हणतात.

थ्रेडांमधील संपर्काचेही दोन प्रकार आहेत. सामाईक स्मृतीच्या पद्धतीत सर्व थ्रेड एकाच स्मृतीतील माहिती वाचतात व बदलतात. ही पद्धत जलद असली, तरी दोघांनी एकाच वेळी एकच जागा बदलू नये म्हणून कुलपाची योजना करावी लागते. ज्या थ्रेडाकडे कुलूप आहे तोच त्या माहितीला हात लावू शकतो, इतरांना थांबावे लागते. संदेशवहनाच्या पद्धतीत प्रत्येक घटकाची स्मृती स्वतंत्र असते आणि ते एकमेकांना केवळ संदेश पाठवितात. वेगवेगळ्या यंत्रांवर पसरलेल्या प्रणालीत दुसरी पद्धतच शक्य असते. पहिल्या पद्धतीसाठी १९९७ मध्ये ओपनएम्‌पी व दुसरीसाठी १९९४ मध्ये एम्‌पीआय ही मानके प्रसिद्ध झाली.

ॲमडाल यांच्या नियमानुसार, कामाचा जो भाग क्रमानेच करावा लागतो त्यावर एकूण वेगवृद्धीची कमाल मर्यादा ठरते. कामाचा ९५ टक्के भाग समांतर करता येत असेल आणि ५ टक्के भाग क्रमिक असेल, तर ८ प्रोसेसरांनी वेग सु. ५·९ पट, १६ प्रोसेसरांनी सु. ९·१ पट आणि ६४ प्रोसेसरांनी सु. १५·४ पट होतो. प्रोसेसर कितीही वाढविले, तरी तो २० पटींपलीकडे जाऊ शकत नाही. जॉन गस्टाफसन यांनी १९८८ मध्ये या नियमाची दुसरी बाजू दाखविली. यंत्रे वाढली म्हणजे लोक तेच काम लवकर उरकण्याऐवजी अधिक मोठे काम हाती घेतात व अशा वेळी क्रमिक भागाचे प्रमाण घटते, असे त्यांनी दाखवून दिले.

क्लाउडमधील उपयोजन : स्वतःची यंत्रे विकत न घेता दूरस्थ केंद्रातील यंत्रे लागतील तेवढ्या वेळेपुरती भाड्याने घेणे, हे क्लाउड सेवेचे मुख्य लक्षण होय. ॲमेझॉन कंपनीने २००६ मध्ये साठवण व संगणन या सेवा अशा प्रकारे खुल्या केल्या. तत्पूर्वी २००४ मध्ये गूगलच्या जेफ्री डीन व संजय घेमावत यांनी मॅपरिड्यूस या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले होते. हजारो साध्या यंत्रांवर माहिती वाटून प्रत्येकाचे आंशिक उत्तर काढणे व नंतर ती उत्तरे एकत्र करणे, ही पद्धत तीमुळे सर्वपरिचित झाली.

क्लाउडमध्ये यंत्रे परस्परांपासून दूर असतात, त्यांमधील संदेश उशिरा पोहोचतात किंवा हरवतात आणि शेकडो यंत्रांपैकी एखादे नेहमीच बिघडलेले असते. एरिक ब्रुअर यांनी २०००मध्ये मांडलेल्या व सेथ गिल्बर्ट आणि नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयानुसार, यंत्रांमधील संपर्क तुटला असताना सर्वत्र एकसारखी माहिती दिसणे आणि प्रत्येक विनंतीला उत्तर मिळणे या दोन्ही गोष्टींची हमी एकाच वेळी देता येत नाही. यांपैकी कशाचा त्याग करावयाचा हा वरवर पाहता तांत्रिक प्रश्न असला, तरी वास्तविक तो व्यावसायिक निर्णय आहे. छायाचित्राला मिळालेल्या पसंतीची संख्या काही क्षण चुकीची दिसली तरी चालते. परंतु बँकेतील शिल्लक चुकीची दाखविण्यापेक्षा उत्तर न देणे बरे.

मंदगती यंत्रांचाही प्रश्न असतो. प्रत्येक यंत्र शंभरापैकी एकाच वेळेस उशिरा उत्तर देत असेल आणि ग्राहकाची एक विनंती पूर्ण होण्यास अशा १०० यंत्रांची उत्तरे लागत असतील, तर सु. ६३ टक्के विनंत्यांना विलंब होतो. सुटी यंत्रे उत्तम असूनही सेवा मात्र रेंगाळते, याचे कारण या गणितात आहे.

संदेश हरवल्यास तो पुन्हा पाठवावा लागतो आणि त्यातून एकच व्यवहार दोनदा होण्याचा संभव निर्माण होतो. पैसे पाठविणाऱ्याच्या खात्यातून रक्कम वजा झाली, पण घेणाऱ्याच्या खात्यात जमा झाल्याचे उत्तर वेळेत आले नाही, तर व्यवहार झाला की नाही हे पाठविणाऱ्या यंत्राला कळत नाही. यासाठी प्रत्येक व्यवहाराला एकमेव क्रमांक देऊन, तोच क्रमांक पुन्हा आल्यास क्रिया पुन्हा न करता आधीचेच उत्तर परत द्यावयाचे, अशी योजना करतात. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या यूपीआय या प्रणालीतील एका व्यवहारात पाठविणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक व मधली मध्यस्थ यंत्रणा असे अनेक स्वतंत्र घटक गुंतलेले असल्यामुळे तेथे अशा योजनेला विशेष महत्त्व आहे.

मोबाइलमधील उपयोजन : मोबाइलमध्ये समांतर रचनेचे मुख्य प्रयोजन वेग हे नसून ऊर्जेची बचत हे आहे. प्रोसेसरची शक्ती साधारणपणे कंप्रतेच्या प्रमाणात आणि विद्युत्‌ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते. कंप्रता निम्मी केल्यामुळे दाब ०·७ पट पुरेसा होत असेल, तर दोन गाभे मिळून पूर्वीएवढेच काम जवळजवळ निम्म्या शक्तीत करतात. याच हेतूने मोठे वेगवान गाभे आणि लहान काटकसरी गाभे एकाच चकतीवर ठेवण्याची रचना आर्म या कंपनीने २०११ मध्ये जाहीर केली.

मोबाइलच्या पडद्यावरील स्पर्शाला प्रतिसाद देण्याचे काम एकाच मुख्य थ्रेडाकडे असते. जाळ्यावरून माहिती आणणे किंवा मोठी फाइल वाचणे यांसारखे काम त्याच थ्रेडावर केल्यास पडदा गोठतो. अँड्रॉइड प्रणालीत स्पर्शाला सु. पाच सेकंदांत प्रतिसाद न मिळाल्यास, ॲप प्रतिसाद देत नसल्याची सूचना वापरणाऱ्याला दाखविली जाते. म्हणून अशी कामे पार्श्वभूमीतील थ्रेडांकडे सोपवून केवळ त्यांचे फलित मुख्य थ्रेडाकडे आणावे लागते. मध्यंतरी वापरणारा दुसऱ्या पडद्यावर गेलेला असतो, जाळ्याचा संपर्क तुटलेला असतो किंवा स्मृती अपुरी पडल्याने प्रणालीने ॲपच बंद केलेले असते. उशिरा आलेले उत्तर आता नसलेल्या पडद्यावर लिहिण्याचा प्रयत्न, हे ॲप अकस्मात बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण आहे. शिवाय बाजारातील शेकडो प्रकारच्या उपकरणांत गाभ्यांची संख्या व वेग भिन्न असल्याने एका उपकरणावर कधीही न दिसलेला दोष दुसऱ्यावर वारंवार दिसतो.

दोषांचे प्रकार : सर्वांत सामान्य दोष म्हणजे स्पर्धास्थिती होय. एका खात्यात १०,००० रुपये आहेत. एक थ्रेड त्यात ५०० रुपये जमा करू पाहतो व दुसरा २,००० रुपये काढू पाहतो. दोघांनीही प्रथम १०,००० हा आकडा वाचला, पहिल्याने १०,५०० लिहिले आणि लगेच दुसऱ्याने ८,००० लिहिले, तर जमा केलेले ५०० रुपये नाहीसे होतात. योग्य शिल्लक ८,५०० रुपये असावयास हवी. दोन्ही आज्ञावल्या सुट्या वाचल्या असता निर्दोष असतात. दोष त्यांच्या परस्परांत मिसळण्याच्या क्रमात असतो.

दुसरा प्रकार परस्पर-अवरोधाचा. पहिल्या थ्रेडाकडे ‘अ’ हे कुलूप असून तो ‘आ’ची वाट पाहत आहे आणि दुसऱ्याकडे ‘आ’ असून तो ‘अ’ची वाट पाहत आहे, अशा स्थितीत दोघेही कायमचे थांबतात. डाइक्स्ट्रा यांनी गोल मेजाभोवती जेवायला बसलेल्या पाच तत्त्वचिंतकांच्या कल्पित उदाहरणाने ही स्थिती प्रसिद्ध केली.

अग्रक्रम-विपर्यास हा तिसरा प्रकार होय. यात कमी महत्त्वाच्या कामाने कुलूप अडवून ठेवल्यामुळे अत्यंत महत्त्वाचे काम खोळंबते आणि मधल्याच दर्जाची कामे पुढे सरकतात. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर या अमेरिकन यानाचा संगणक या कारणाने वारंवार आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. कुलूप धरून ठेवणाऱ्या कामाला तात्पुरता वरचा अग्रक्रम देण्याची सोय प्रणालीत होतीच. ती पृथ्वीवरून आज्ञा पाठवून चालू केल्यावर दोष नाहीसा झाला.

असे दोष चाचणीत सापडणे अतिशय कठीण असते. प्रत्येकी केवळ १० पायऱ्यांचे दोन थ्रेड परस्परांत १,८४,७५६ निरनिराळ्या क्रमांनी मिसळू शकतात. यांपैकी एखाद्याच क्रमात दोष असेल, तर तो लाखो वेळा चालवूनही दिसत नाही. दोष शोधण्यासाठी नोंदी ठेवणारी आज्ञा मध्ये घातली, तर तेवढ्याने कालक्रम बदलून दोष दडून बसतो. लाखो ग्राहक एकाच वेळी सेवा वापरू लागल्यावर मात्र दुर्मिळ क्रमही रोज घडू लागतो. व्यवसाय वाढला की दोष प्रकट होतो, तो या कारणाने.

व्यावसायिक धोके : अशा दोषांमुळे झालेल्या हानीची काही प्रकरणे सार्वजनिक नोंदींत उपलब्ध आहेत. त्यांवरून धोक्याचे पुढील प्रकार स्पष्ट होतात.

(१) जीवितहानी : थेरॅक–२५ या किरणोपचार यंत्राने १९८५–८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मोठी प्रारणमात्रा दिली; त्यांपैकी काहींचा मृत्यू झाला. चालकाने मजकुरात चटकन दुरुस्ती केल्यास ती सर्व समवर्ती कामांपर्यंत पोहोचत नसे, हा त्यातील एक दोष होता. जुन्या यंत्रांतील स्वतंत्र यांत्रिक सुरक्षा-अडसर नव्या यंत्रात काढून टाकून आज्ञावलीवरच विसंबल्याने हानी टळू शकली नाही.

(२) थेट आर्थिक नुकसान : मार्च २०१४ मध्ये फ्लेक्सकॉइन या कॅनडातील बिटकॉइन साठवणाऱ्या संस्थेवर एका चोराने एकाच वेळी हजारो विनंत्या पाठविल्या. शिल्लक अद्ययावत होण्याआधीच रक्कम पुनःपुन्हा एका खात्यातून दुसऱ्यात जात राहिली. या प्रकारे ८९६ बिटकॉइन चोरीस गेली व संस्था बंद करावी लागली. वर वर्णन केलेल्या खात्याच्या उदाहरणाचेच हे प्रत्यक्ष रूप होय.

(३) बाजारातील विश्वासाची हानी : १८ मे २०१२ रोजी फेसबुक कंपनीच्या समभागांची पहिली विक्री नॅसडॅक या शेअरबाजारात होणार होती. प्रारंभिक किंमत काढण्याच्या काही सहस्रांश सेकंदांत एखादी मागणी रद्द झाली, तर आकडेमोड पुन्हा करावी, असा नियम आज्ञावलीत होता. त्या दिवशी मागण्या रद्द होण्याचे प्रमाण इतके होते, की प्रत्येक फेरगणना पूर्ण होण्याआधीच नवा बदल येत राहिला आणि गणना संपेचना. व्यवहार उशिरा सुरू झाले व तीस हजारांहून अधिक मागण्या दोन तासांहून अधिक काळ अडकून पडल्या. या प्रकरणी नॅसडॅकने २०१३ मध्ये अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाला एक कोटी डॉलर दंड देण्याचे मान्य केले.

(४) विसंगत यंत्रांचा धोका : १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकन दलाली कंपनीच्या आठ सर्व्हरांपैकी सातांवरच नवी आज्ञावली बसविली गेली होती. आठव्यावरील जुन्या, वापरातून गेलेल्या भागाने सु. ४५ मिनिटे भरमसाट मागण्या नोंदविल्या आणि कंपनीला ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. दोष गणिताचा नव्हता. समांतर चालणारी यंत्रे एकसारखी आहेत, या गृहीताचा होता.

(५) सेवाखंड : १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग व कॅनडातील ऑन्टॅरिओ येथील सु. पाच कोटी लोकांचा वीजपुरवठा बंद पडला. त्याच्या कारणांपैकी एक म्हणजे ओहायओतील नियंत्रण कक्षाची धोक्याची सूचना देणारी प्रणाली स्पर्धास्थितीमुळे मुकी झाली होती आणि तेथील कर्मचाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. क्लाउडमधील अशा प्रकारची मोठी घटना ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रांत घडली. डायनॅमोडीबी या माहितीसाठ्याचा पत्ता ठरविणारे दोन स्वयंचलित घटक एकाच वेळी काम करीत होते. रेंगाळलेल्या घटकाने जुनी योजना नव्या योजनेवर लिहिली आणि दुसऱ्याने ती कालबाह्य समजून पुसून टाकली. परिणामी पत्त्याची नोंदच रिकामी झाली. तो पत्ता काही तासांत पूर्ववत झाला. मात्र त्यावर अवलंबून असलेल्या सेवांची साखळी सावरण्यास अधिक वेळ लागला आणि जगभरातील अनेक ॲपे खंडित झाली. ज्यांच्या आज्ञावलीत कोणताही दोष नव्हता असे व्यवसायही एकाच पुरवठादाराच्या एकाच प्रदेशावर अवलंबून असल्यामुळे ठप्प झाले, ही या घटनेतील विशेष लक्षणीय बाब होय.

(६) खर्चातील वाढ : क्लाउडमध्ये भाडे यंत्रसंख्या व वेळ यांच्या गुणाकारावर आकारले जाते. वर दिलेल्या ९५ टक्क्यांच्या उदाहरणात एका यंत्राच्या मानाने ८ यंत्रांवर तेच काम करण्यास १·३५ पट, १६ यंत्रांवर १·७५ पट आणि ६४ यंत्रांवर ४·१५ पट भाडे पडते. घाईची किंमत अशी मोजता येते. मागणीनुसार यंत्रे आपोआप वाढविण्याची सोय असेल आणि आज्ञावली कुलपापाशी खोळंबलेली असेल, तर यंत्रे वाढत राहतात, काम मात्र पुढे सरकत नाही.

(७) सुरक्षा व कायदेशीर दायित्व : लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात २००७ पासून दडलेली ‘डर्टी काऊ’ ही स्पर्धास्थिती ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडकीस आली, तिच्यामुळे साध्या वापरकर्त्याला प्रशासकाचे अधिकार बळकावता येत होते आणि अँड्रॉइड मोबाइलही तिच्या कक्षेत येत होते. भारतीय रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकान्वये अपुऱ्या राहिलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या. यूपीआयद्वारे पाठविलेली रक्कम वजा होऊन समोरच्या खात्यात जमा न झाल्यास, ती व्यवहारानंतर एका दिवसाच्या आत परत न केल्याबद्दल ग्राहकाला प्रतिदिनी १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद तीत आहे. अर्धवट राहिलेला संदेश हा अशा रीतीने कायद्याच्या दृष्टीने देणे ठरला.

प्रतिबंधक उपाय : बदलता येणारी माहिती सामाईक ठेवावयाची नाही, हा सर्वांत परिणामकारक उपाय मानला जातो. माहिती एकदा तयार झाल्यावर अपरिवर्तनीय ठेवणे किंवा ती एकाच घटकाच्या ताब्यात देऊन इतरांनी त्याला केवळ संदेश पाठविणे, हे त्याचे मार्ग होत. एरिक्सन कंपनीत १९८६ पासून विकसित झालेली अर्लांग ही भाषा संदेशवहनावर आधारलेली आहे. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झालेल्या रस्ट या भाषेत, एकच माहिती दोन थ्रेडांनी असुरक्षितपणे बदलण्याचे अनेक प्रकार आज्ञावली भाषांतरित होतानाच नाकारले जातात. कुलपे वापरावीच लागली, तर ती सर्वत्र ठरावीक क्रमानेच घेतल्यास परस्पर-अवरोध टळतो. पैशाच्या नोंदींसाठी ‘सर्व किंवा काहीच नाही’ या तत्त्वावर चालणारे माहितीसाठ्याचे व्यवहार वापरतात.

चाचणी अपुरी पडते तेथे गणिती पडताळणीचा आश्रय घेतला जातो. लॅम्पोर्ट यांनी विकसित केलेल्या टीएल्‌ए+ या भाषेत प्रणालीचे वर्णन लिहून तिच्या संभाव्य अवस्था यंत्राकडून तपासून घेता येतात. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी या पद्धतीने काही सेवांतील सूक्ष्म दोष हुडकल्याचा अनुभव २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. तथापि प्रणालीच्या एका भागाची पडताळणी म्हणजे संपूर्ण प्रणालीची पडताळणी नव्हे, हे २०२५ च्या घटनेवरून दिसून आले.

व्यवस्थापनाच्या पातळीवर, नवी आज्ञावली प्रथम थोड्या यंत्रांवर चालवून पाहणे, सर्व यंत्रांवर एकच आवृत्ती असल्याची खात्री करून घेणे, अनपेक्षित वर्तन दिसताच ती तत्काळ बंद करता येईल अशी सोय ठेवणे आणि सेवा एकाहून अधिक प्रदेशांत विभागणे, हे उपाय योजले जातात. यांपैकी प्रत्येकाला खर्च येतो. म्हणून एखादे काम समांतर करावे की नाही, हा प्रश्न प्रथम विचारणे इष्ट ठरते. एका गाभ्यावर पुरेशा वेगाने होणारे काम अनेक गाभ्यांवर वाटल्याने लाभ अल्प व जोखीम मोठी असते. जेथे कामाचे भाग खरोखरच स्वतंत्र आहेत तेथे समांतर रचना मुबलक फळ देते. जेथे ते केवळ स्वतंत्र भासतात, तेथे त्यांतील अदृश्य परस्परावलंबनाची किंमत पुढे केव्हातरी आणि बहुधा व्यवसाय सर्वांत गर्दीच्या वेळी चुकवावी लागते.